वाढत्या अंगाचं

आमच्या धाकटीने जन्मात कुठल्या पोराला मापात कपडा शिवून दिला नाही. शाळेचे गणवेश शिवायचं आमचं दुकान. पोरगं टेबलापुढे उभं राहिलं की ती टेप लावणार, आकडा बघणार आणि तोंडाने भलताच आकडा सांगणार. छाती असेल ती, वर दोन बोटं. कंबर असेल ती, वर दोन बोटं. लांबीचं तर विचारूच नका. मी समोर बसून तिने सांगितलेला आकडा लिहून घेणार. "वाढत्या अंगाचं आहे," हे तिचं ठरलेलं वाक्य. आया खूश होतात, दोन वर्षांची निश्चिंती झाली म्हणून. पोरं मात्र आरशात बघून रडकुंडीला येतात. एका वात्रट मुलाने तर विचारलं होतं, "काकू, यात मी आणि माझा भाऊ दोघांनी एकदम जायचंय का?" मी हसून हसून बेजार. धाकटी नाही हसली. "पुढच्या वर्षी बरोब्बर बसेल बघ," म्हणाली.

आणि बसायचाही, खोटं कशाला बोलू. पोरं वाढतातच. मग कपडा परत येतो, आतलं दुमडलेलं कापड सोडायचं, नवी टीप मारायची, काम झालं. लोक अंथरूण पाहून पाय पसरतात. आमची धाकटी आधी अंथरूण मोठं घेते आणि पाय वाढायची वाट बघते.

मी तिची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून तिच्याच घरात राहते, तिच्याच दुकानात बसते. कटिंग आणि मशीन तिच्याकडे; काजं, बटणं आणि हेम माझ्याकडे. शिवाय तोंड चालवायचं खातंही माझ्याचकडे. ती कमी बोलते, आणि तिची लेक तर त्याहून कमी. लेकीला आम्ही घुमी म्हणतो. पायात काटा मोडला तरी ही मुलगी आधी घरी येईल, चप्पल जागेवर ठेवील आणि मग विचारलंत तर सांगेल. मी तिला सारखी म्हणायचे, "अगं, बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं." त्यावर ती नुसती मान हलवायची. झालं तिचं बोलणं.

घुमीच्या शाळेत शेवटच्या दोन वर्षांना विषय आपले आपण निवडायचे असतात. एकेक विषय दोन तऱ्हांचा, एक साधा आणि एक वरचा. साधा घेतला तर पास व्हायला अडचण नाही. वरचा घेतला तर पोराचा पिट्टा पडतो, पण मोठी कॉलेजं त्याला मान देतात. मार्क किती, हे कॉलेजवाले नंतर बघतात. कुठल्या विषयात, हे आधी. वर्गशिक्षिकांनी सभा घेऊन हे आम्हाला नीट समजावलं. शेवटी म्हणाल्या, "तीन वरचे, तीन साधे घ्या. फार तर चार वरचे. त्याच्या पुढे मुलं मोडतात."

धाकटीने घुमीला सहाच्या सहा वरचे घ्यायला लावले.

आता तुम्ही म्हणाल, काय ही बाई! थांबा जरा. मीही रागावते तिच्यावर, पण तो हक्क माझा आहे, तुमचा नाही. आधी तिचं ऐका.

लहानपणी आमच्या घरात डोकं म्हणून काय होतं ते सगळं धाकटीच्या वाट्याला आलं. मी आपली शाळेत डब्यासाठी जायचे. तिला नर्स व्हायचं होतं. बाहुलीच्या हाताला चिंध्या बांधून 'दुखतंय का, दुखतंय का' विचारत बसायची. विषय निवडायची वेळ आली तेव्हा तिच्या हेडमास्तरांनी बाबांना बोलावून घेतलं. "टेलरची मुलगी, पुढे दुकानच बघायचंय ना? रसायन सोडा, गणित साधं घ्या, आरामात पास होईल." बाबांना वाटलं, केवढा भला माणूस, आपल्या मुलीची काळजी करतो. पोरगी फर्स्ट क्लासमध्ये पास झाली. नर्सिंग कॉलेजच्या खिडकीपाशी मीच घेऊन गेले होते तिला. आतल्या माणसाने मार्क बघितले, 'वा' म्हणाला, मग खाली विषय बघितले आणि कागद परत सरकवला. "हे विषय इथे चालत नाहीत." आम्ही घरी आलो. दारात चप्पल काढताना म्हणाली, "ताई, मार्क कमी नव्हते गं. विषय कमी होते." दुसऱ्या दिवशी ती बाबांच्या शेजारच्या मशीनवर बसली. ती अजून उठलेली नाही.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. घुमी पाचवीत असल्यापासून धाकटीने तिच्या विषयांचा खाका काढायला घेतला होता. खाका म्हणजे खरोखरचा खाका हं. आम्ही कोटाचे, शर्टाचे साचे ज्या तपकिरी कागदावर काढतो, त्याच कागदावर पट्टी लावून तिने वर्षांचे चौकोन पाडले. कुठल्या वर्षी कोणता विषय, त्या विषयावर पुढे कुठलं कॉलेज, त्या कॉलेजावर कुठलं काम. तो कागद कोटाच्या साच्यांशेजारी खिळ्याला टांगलेला असायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "हे कशाचं माप?" धाकटी म्हणायची, "लेकीचं."

आमचे मेहुणे, म्हणजे घुमीचे बाबा, मालगाडीसारखा लांबलचक ट्रक चालवतात. आठवड्यातून एकदा घरी येतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "घुमीची आई म्हणते ते बरोबर." मी म्हटलं, "आणि मी म्हणते ते?" तर म्हणाले, "ताई म्हणतात तेही बरोबर." असा माणूस घरात असला काय आणि रस्त्यावर असला काय!

मी धाकटीला पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, "अगं, नाकापेक्षा मोती जड होतोय. मॅडम सांगतायत ना, मोडतात म्हणून?"

ती कापडावर खडू ओढत होती. मान वर न करता म्हणाली, "आज सैल वाटेल. वाढेल ती त्यात."

"विषय म्हणजे काय स्कर्ट आहे?"

"साधा घेतला की पुढे वरचा होत नाही, ताई. मोठा कपडा लहान करता येतो. लहान मोठा करता येत नाही. कापडच नसतं आत."

धंद्यातली गोष्ट होती, आणि धंद्यात ती खरी होती.

तर घुमीची गाडी सुरू झाली. सकाळी शाळा, शाळेतून जादा तास, तिथून थेट दुकान. घर दोन खोल्यांचं, वरच्या मजल्यावरच्या टीव्हीसकट सगळ्यांचा आवाज येणारं. म्हणून अभ्यासाला दुकान बरं, असं ठरलं. दुकानात जागा कुठली? तर ट्रायल रूम. ट्रायल रूम म्हणायचं आपलं. भिंतीच्या कोपऱ्याला एक पडदा, आत एक आरसा, एक स्टूल आणि दोन हुक. धाकटीने तिथे जास्त उजेडाचा दिवा लावून दिला. पोरगी स्टुलावर बसून मांडीवर पुस्तक घ्यायची, गुडघे आरशाला टेकायचे. समोर बघितलं तर आपलंच तोंड. गिऱ्हाईक आलं की हिने पुस्तकं गोळा करून बाहेर यायचं, पोराने कपडे घालून बघायचे, ते गेलं की हिने परत आत. गणवेशाच्या मोसमात तर ती उठाबशाच काढायची. मला बघवेना. मी एका बाईला म्हटलंसुद्धा, "बाई, तुमच्या मुलाला इथेच उभ्याने घालून बघू दे, आमच्या मुलीचं गणित उकळतंय आत." बाईने असं बघितलं माझ्याकडे!

पहिली चाचणी झाली. पाच विषयांत बरी, रसायनात काठावर. धाकटीने रसायनाचा आणखी एक तास लावला. तो शनिवारी होता. शनिवार गेला. मग गणित घसरलं, तर गणिताचा रविवारी. घुमी हो म्हणत गेली. दिलेलं सगळं ती घेते, हीच तर बोंब! डबा अर्धा परत यायला लागला. मी ओरडायचे, ती म्हणायची, "मधल्या सुट्टीत वेळ नाही मिळाला, मावशी." केस विंचरताना माझ्या हातात पुंजका यायचा. मी तो गुपचूप टाकून द्यायचे.

एके दिवशी संध्याकाळी धाकटी कापड आणायला बाहेर गेली होती. मी काजं करत होते. पडद्याआडून आवाज आला, "मावशी."

"काय गं?"

"मला रसायन साधं करून हवंय. शुक्रवारपर्यंत बदलता येतं. आईला सांगशील?"

एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. पडदा बाजूला केला तर ती आरशातून माझ्याकडे बघत होती. वळून बघायला जागाच नव्हती तिला.

मी सांगितलं की! त्याच दिवशी, धाकटी कापडाचा गठ्ठा टेकवते न टेकवते तोच सांगितलं. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "रसायनच? सगळ्यात आधी रसायनच का?" तिचा चेहरा बघून मला नर्सिंग कॉलेजची ती खिडकी आठवली. "नाही ताई. माझ्या हाताने मी तिचं दार लावून घेणार नाही. तू यात पडू नकोस."

यात पडू नकोस म्हणे! मी कुठे पडणार होते? वर घर तिचं, खाली दुकान तिचं. जास्त बोलले तर बहिणीच्या अन्नावर बसून बहिणीला शिकवते म्हणतील. गप्प बसले तर पोरगी डोळ्यांदेखत सुकते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. तीन रात्री मला धड झोप लागली नाही. शेवटी शुक्रवारी सकाळी मी कपाटातली बरी साडी काढली. शाळेच्या कार्डावर दुसरी पालक म्हणून माझं नाव आहे, आई-बाबा कामात असतात म्हणून कधीकाळी लावलेलं. माझी सही चालते. धाकटीला सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जाते.

वर्गशिक्षिका भली बाई. त्यांनी घुमीला वर्गातून बोलावून घेतलं, खुर्ची दिली, पुढे कागद ठेवला. "बरं केलंत आलात," मला म्हणाल्या. "मी आईंना दोनदा सांगितलं होतं. सांग बेटा, कुठला विषय साधा करायचा?"

मी पेन उघडून तयार. घुमी कागदाकडे बघत बसली. मला वाटलं लाजतेय. मी म्हटलं, "अगं, बोल. रसायन ना?"

तिने रसायनावर बोट ठेवलं. मग बोट उचललं. "रसायन सोडलं की नर्सिंग बंद," म्हणाली. "औषधांचं पण बंद." बोट गणितावर गेलं. "हे सोडलं की इंजिनीअरिंग बंद." मग खाली, मग आणखी खाली. एकेका विषयामागे काय काय बंद होतं ते तिला तोंडपाठ होतं. तो तपकिरी कागद पाचवीपासून बघत आलेली मुलगी ती. मॅडम म्हणाल्या, "अगं, सगळं एकाच माणसाला करायचं नसतं. तुला काय आवडतं?" घुमीने मॅडमकडे असं बघितलं, जणू त्यांनी एखाद्या परक्याच मुलीची चौकशी केली.

मग ती माझ्याकडे वळली. "मावशी, कुठलं दार लावू?"

मला काय ठाऊक कुठलं! मला राग आला. पोरीचा आला, मॅडमचा आला, त्या कागदाचा तर इतका आला की फाडून टाकावासा वाटला. "लाव ना कुठलंही! श्वास तर घे!" मी ओरडलेच.

"राहू दे," घुमी म्हणाली. "मी करीन सगळे." आणि कागद मॅडमच्या बाजूला नीट सरळ करून ठेवला. घंटा झाली तशी दप्तर उचलून वर्गात गेली. मॅडम म्हणाल्या, "आजचा दिवस आहे हो. संध्याकाळी यादी वर जाते. पण मुलीची इच्छा नसताना मी तरी विषय कसा बदलू?" मी उघडं पेन हातात धरून तशीच घरी आले. साडीला शाईचा डाग पडला, तो आजही गेलेला नाही.

माझ्या पोटात काही राहत नाही. दुपारच्या आतच मी धाकटीला सगळं सांगून टाकलं. वर ऐकवलं, "तू तिला दारं दाखवलीस, आत जायचं कसं ते नाही शिकवलंस. बघ, उंबऱ्यावर मरेल पोरगी!" फार लागलं तिला. लागू दे म्हटलं. तिने मशीन थांबवलं नाही. "माझ्यामागे जाऊन?" एवढंच बोलली. मग दोन दिवस आम्ही एकमेकींकडे पाठ करून कामं केली. धागा हवा असला तरी मी उठून घ्यायचे, मागायचे नाही.

रविवारी दुकान बंद असतं. थंडी तोंडावर आलेली, सगळ्या शाळेचे कोट आमचे देऊन झाले होते, राहिला होता फक्त घुमीचा. दिव्याखाली अंधार असतोच. गणिताच्या तासाहून ती आली तशी धाकटीने तिला टेबलापुढे उभं केलं. मी वही घेऊन बसले. भांडण असलं तरी काम काम असतं.

धाकटीने खांदे सांगितले, लांबी सांगितली, नेहमीसारखी वाढवून. छातीला टेप लावली आणि थांबली. टेप काढली, झटकली, परत लावली. मग हळूच एक आकडा बोलली. मी लिहिता लिहिता अडखळले. मागच्या थंडीतल्या कोटाचं माप शेजारच्याच पानावर होतं, आणि हे त्याहून चार बोटं कमी होतं.

"दोन बोटं धरलीस ना?" मी विचारलं. दोन दिवसांत तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"नाही," धाकटी म्हणाली. "आहे तेवढं सांगितलं."

मग ती कंबरेला आली. शर्ट वर सरकवला आणि मला आतून काहीतरी चमकताना दिसलं. स्कर्टच्या पट्ट्याला आतल्या बाजूने सेफ्टी पिना लावलेल्या. एक नाही, ओळीने. चुण्या घालून घालून कंबर आवळलेली. सेफ्टी पिना! टेलरच्या मुलीच्या अंगावर! दोन पावलांवर मशीन असताना!

धाकटीच्या हातातून टेप गळली. "अगं, मला का नाही सांगितलंस?"

घुमी खाली बघत म्हणाली, "वाढेन म्हणून वाट बघत होते."

धाकटी मशीनच्या स्टुलावर बसली. इतक्या वर्षांत मी तिला फक्त एकदाच रडताना बघितलं होतं, बाबा गेले तेव्हा. आत्ता ती पडलेली टेप उचलून तीच तोंडाला लावून रडत होती. "सोड गं," म्हणत होती, "रसायन सोड. कुठलाही सोड. मी उद्या जाते, मॅडमच्या हातापाया पडते. सगळे सोड."

"मुदत संपली, आई," घुमी म्हणाली. अगदी शांतपणे, आपल्यालाच समजवावं तशी. "मोठी परीक्षा झाल्यावरच आता बदलता येईल."

तरी सोमवारी धाकटी गेली. दुकानाला कुलूप लावून गेली, आणि भर कामाच्या दिवशी दुकानाला कुलूप ही गोष्ट आमच्याकडे होत नाही. मॅडमनी पाणी दिलं, ऐकून घेतलं. यादी वर गेली होती. साध्या वर्गातल्या जागा भरल्या होत्या. हेडमास्तरांकडेही गेली, तिथेही नियम तोच. परत आली तेव्हा तिच्या गळ्यात टेप तशीच होती. तिथे खुर्चीवर बसल्यावर कुणीतरी विचारलं म्हणे, "तुम्ही टेलर का?" ही हो म्हणाली आणि उठून आली.

त्या संध्याकाळी तिने घुमीचा स्कर्ट उसवला. वाढत्या अंगाचे कपडे सोडायची तिच्या हाताला इतकी सवय, की आत घ्यायचा म्हटल्यावर पहिली टीप चुकीच्या बाजूलाच मारली. ती उसवली, परत मारली. घुमी माझी शाल गुंडाळून शेजारी उभी, हातात रसायनाचं पुस्तक. मी पिना एकेक करून डब्यात टाकत होते. बाजूला केवढं तरी कापड निघालं. ते आत राहिलं तर टोचेल, कंबरेला फुगेल, म्हणून धाकटीने कात्री उचलली. शिवणीतलं कापड कापून टाकायला तिने उचललेली पहिली कात्री असेल ती.

घुमीने तिचा हात धरला.

"कापू नकोस, आई. दुमडून आत ठेव. वाढेन मी."

धाकटीने कात्री खाली ठेवली. जाडसर दुमड घातली, टीप मारली, धागा दाताने तोडला. घुमीने स्कर्ट घातला, पुस्तक उचललं आणि ट्रायल रूममध्ये जाऊन पडदा ओढून घेतला.